परत नेलेले लाडू

आमच्या शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या या शेजारणीला धीर म्हणून नाहीच. आधी दारातून "वहिनी, सुनो तो!" अशी हाक येते आणि पाठोपाठ ती. राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा तिच्या यजमानांची बदली रायपूरला झाली आणि ती एकटी इथेच राहिली, तेव्हापासून तिचं सगळं लक्ष आमच्याच घरावर. माझी सून बाळंत झाली, तर हिने लेकाने अमेरिकेहून आणलेले ब्राझील नट मूठमूठ घालून डिंकाचे लाडू केले. "यात सेलेनियम असतं वहिनी, थायरॉइडला, ताकदीला एकदम बढिया!"

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या विहीणबाई बसलेल्या असताना ती धापा टाकत आली. "डबा परत द्या. लेकाचा फोन आला, हे नट दिवसाला एखाददुसराच खायचा म्हणे. जास्त झालं तर केस गळतात, नखं तुटतात."

"दिलेलं परत नेतात वाटतं इकडे?" विहीणबाई हसल्या.

"चूक झाली तर नेतात," म्हणत ती सुनेकडे वळली. "खरं सांग बेटा, किती खाल्लेस?"

"अर्धाच, काकू. फार कडक होता."

एरवी तिच्या लाडवांना कुणी नाव ठेवलं तर आठवडाभर बोलत नाही. आज तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "देवा, बरं झालं."