मी ग्रुपवर टाकलेली प्रार्थना विनंती

जुलैमधल्या एका शनिवारी मी दुकानात बसून राजीनामा टाईप केला. आमगावात झेरॉक्सच्या दुकानात मी टायपिंगच करते, लोकांचे अर्ज, करारनामे, पोरांचे प्रोजेक्ट, त्यामुळे वेळ काही लागला नाही, चारच ओळी होत्या. आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीच्या प्रार्थना गटाची मी लीडर होते आणि मला ते सोडायचं होतं. देवावर राग वगैरे नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्याशी बोलणं तरी झालं असतं. मला फक्त वाटत होतं की मला निवडताना कोणाची तरी चूक झाली, माणसांची नाहीतर मग वरच्याची, आणि ती आता दुरुस्त करून टाकावी.

सुरुवातीपासून सांगते. आमची मंडळी म्हणजे पंचवीस-तीस घरं, काही आमगावची, काही खेड्यांतली, दोन घरं तर पार सडक अर्जुनीकडची. बुधवारच्या प्रार्थनेला सगळ्यांना येणं जमत नाही, धानाच्या रोवणी-कापणीत तर कोणालाच नाही. म्हणून पास्टर अंकलनी सांगितलं की मोबाईलवर ग्रुप बनव, ज्याला गरज आहे तो तुला सांगेल, तू लिहून टाक, बाकीचे आपापल्या घरी प्रार्थना करतील. मी बनवला आणि तो खूपच चालला. कोणाचं ऑपरेशन, कोणाची परीक्षा, एका काकांची हरवलेली म्हैस, मी दोन मिनिटात छान शब्दांत लिहून टाकायची, खाली बायबलमधलं एखादं वचन. म्हैस सापडली तेव्हा त्या काकांनी उपासनेत उभं राहून साक्ष दिली आणि देवाच्या नावानंतर लगेच माझं नाव घेतलं. बायका माझ्या आईला सांगायच्या, तुझी पोरगी आत्म्यानं भरली आहे. मी वरवर म्हणायची, देवाला महिमा, आणि घरी जाऊन ते कौतुकाचे मेसेज परत परत वाचायची. हे कबूल करायला पाहिजे म्हणून करते.

सुमनमावशी आमच्या संडे स्कूलच्या टीचर. नाव मी बदललं आहे. मलाही लहानपणी त्यांनीच शिकवलं. त्यांचे यजमान मागच्या वर्षी गेले. जूनमध्ये एका रविवारी आम्ही दोघी चर्चच्या मागे प्रीतिभोजनाचे तांदूळ निवडत बसलो होतो आणि मावशी सुपातून डोळे न काढता म्हणाल्या, "पोरी, मले प्रार्थना होत नाही. तुझे काका गेले तवापासून. डोळे मिटून बसते, अन् भिंतीशी बोलल्यावानी वाटते. लेकरायले शिकवते अन् घरी येऊन चूप बसते." मी त्यांचा हात धरला, म्हटलं मी प्रार्थना करते मावशी. त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की आपल्या लाडक्या सुमनमावशींचा विश्वास दुःखामुळे डळमळला आहे, त्यांना प्रार्थना करता येत नाही, सर्वांनी हा भार उचलावा. चुगली करावी असं मनातही नव्हतं. मला वाटलं मी माझं काम करून राहिले आहे. उलट लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा मला ते आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मावशींच्या घरी माणसं यायला लागली. कोणी प्रार्थनेचं तेल घेऊन आलं, कोणी बायबलमधलं ईयोबाच्या दुःखाचं पुस्तक उघडून बसलं, एका बाईनं तर विचारलं म्हणे, घरात काही पाप लपून राहिलं आहे का. सगळे प्रेमानंच आले होते, ते तर जास्त वाईट. कमिटीनं ठरवलं की मावशींना संडे स्कूलमधून थोडी विश्रांती द्यावी. गुरुवारी मावशींनी घराला कुलूप लावलं आणि अर्जुनी मोरगावच्या पुढे एका खेड्यात बहिणीकडे निघून गेल्या. फोन उचलत नव्हत्या, माझा तर नाहीच.

मग तीच तोंडं माझ्यावर फिरली. लीडर बनून राहिली होती मोठी. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हशीवाले काका सुद्धा बोलले. आणि पास्टर अंकलना तर जास्त ऐकावं लागलं, की कालच्या पोरीच्या हाती तुम्ही मंडळी दिली. मला वाटलं ते रविवारी काहीतरी बोलतील, मला झापतील किंवा माझी बाजू घेतील. त्यांनी ठरलेला उतारा वाचला, ठरलेला उपदेश दिला आणि सगळ्यांना हात जोडून निरोप दिला.

तर त्या शनिवारी राजीनामा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ते चर्च झाडत होते. झाडू भिंतीला टेकवून त्यांनी कागद वाचला.

"सुमनबाईले भेटली?"

"नाही. ग्रुपवर माफी लिहू का अंकल? सगळ्यांसमोर?"

"अजून लिहायचंच आहे का तुले?" ते म्हणाले. "आधी तिची माफी, मग राजीनामा. उलटं केलं त त्याले पळणं म्हणतात."

मी म्हटलं, माझ्यामुळं तुम्हाला पण लोक बोलून राहिले. ते हसले. "मागच्या ख्रिसमसले याच लोकायनं हार घातला होता मले. त्याच्या दुसऱ्या दिवशी बी मी इथं झाडूच मारला. उद्या उपासना आहे, सरक जरा." कागद त्यांनी बायबलमध्ये घालून ठेवला.

सोमवारी मी सुट्टी घेतली, गाडीनं गोंदिया, तिथून दुसऱ्या गाडीनं अर्जुनी मोरगाव. गाडीत बसून मोबाईलवर मोठी माफी लिहिली, अगदी रडू येईल अशी. स्टेशनवरून ऑटोवाल्यानं फाट्यावर सोडलं आणि पुढे मला रस्ताच माहीत नव्हता. गावात बोडीजवळ, म्हणजे छोट्या तळ्याजवळ, घर आहे एवढंच आईकडून कळलं होतं, आणि तलाव-बोड्या तर तिकडे जिथं पाहावं तिथं. तेवढ्यात डोक्यावर डब्याचं गाठोडं घेतलेली एक बाई मागून आली.

"कोणाकडं, माय?"

"सुमनबाई म्हणून आहेत. बहिणीकडे आल्या आहेत."

"त्यायच्याच बांधीत रोवणीले जाऊन राहिली मी. चाल. आज एक बाई कमी बी आहे."

मी म्हटलं मला रोवणी येत नाही. ती म्हणाली, "मंग धुऱ्यावर बसून का बगळे मोजशील?"

बांधीत, धानाच्या त्या चिखलाच्या वाफ्यात, दहा-बारा बाया ओळीनं वाकलेल्या होत्या, त्यात मावशी. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं आणि परत वाकल्या. एवढ्या बायांसमोर मोबाईल काढून माफी वाचणं तर शक्यच नव्हतं. मी चप्पल धुऱ्यावर, कडेच्या मातीच्या बांधावर, काढून चिखलात उतरले. माझी रोपं लावली की आडवी पडत होती, एक बाई म्हणाली, हिनं लावलेलं धान उभं नाही राहत, झोपते. सगळ्या हसल्या. रस्ता दाखवणारी बाई माझ्या शेजारी होती, ती न बोलता माझं प्रत्येक रोप उपटून परत लावत होती. थोड्या वेळानं तिलाच कंटाळा आला असेल. ती मोठ्यानं म्हणाली, "हिले सुमनबाईच्या बाजूले देते मी. त्यायच्या हाताखाली राहिली त शिकेल, नाही त चिखलातच मरेल." आणि माझा दंड धरून तिनं मला तिथं नेऊन उभं केलं. तिला आमच्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी स्वतःहून त्या जागेवर दिवसभरात गेले नसते, हे मला पक्कं माहीत आहे.

बराच वेळ आम्ही दोघी मागे मागे सरकत रोवत राहिलो. मग मावशी म्हणाल्या, "काऊन आली?"

"माफी मागायला."

"तू लिहिलं ते खोटं नव्हतं," मावशी म्हणाल्या. "पण ते माझं होतं. मी तुले सांगितलं होतं, गावाले नाही."

"हो मावशी."

"तीन-चार काड्या धर. जुडी नको खुपसू."

एवढंच. गाडीत लिहिलेल्यातला एक शब्द मी बोलले नाही, आणि त्यांनीही माफ केलं असं म्हटलं नाही.

दुपारी सगळ्या धुऱ्यावर जेवायला बसलो. त्या बाईनं विचारलं, "सुमनबाई, ही कोण लागते तुमची?" मी मान खाली घातली. आता जे येईल ते माझ्याच कर्माचं.

"आमच्या मंडळीत प्रार्थना चालवते," मावशी म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, ना तारीफ ना टोमणा.

"असं का. मंग म्हण ना माय काही अन्नावर. तुमच्यात म्हणतात ना?"

मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. दोन मिनिटात कोणासाठीही लिहून देणारी मी, मला एक ओळ सापडली नाही. मी हळूच म्हटलं, मला जमत नाही. बाया थांबल्या होत्या, भाकरी हातात. मावशींनी हातातली भाकरी डब्याच्या झाकणावर ठेवली. मग डोळे न मिटताच, समोर बांधीकडे बघत त्या म्हणाल्या, "प्रभू, ह्या बाया सकाळपासून वाकून आहेत. आता जेवून राहिल्या." आणि माझ्याकडे लोणच्याचा डबा सरकवून म्हणाल्या, घे.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही एवढी अक्कल तेव्हा आली होती.

त्या बाईबद्दल मी नंतर विचारलं. ती त्या गावची नाहीच, जावेला ताप आला म्हणून तिच्या बदल्यात तेवढ्या एका दिवसासाठी आली होती, बांधी कोणाची आणि बाया किती हे जावेनंच सांगून पाठवलं होतं. यावर मी काही म्हणत नाही, जसं झालं तसं सांगितलं.

परत आल्यावर अंकलनी बायबलमधून कागद काढून विचारलं, "आता द्यायचा आहे का?" मी नाही म्हटलं. अजून मीच लीडर आहे. ग्रुप छोटा झाला, बरेच जण गेले. आता ज्याची विनंती तोच लिहितो, मोडकंतोडकं का असेना, मी सजवत नाही. टोमणे येतात, कधी कौतुक पण येतं, आणि खरं सांगायचं तर मला कौतुकाची अजून भीती वाटते, टोमण्यांची कमी. बुधवारी मी चर्चचं दार उघडते, चटया घालते, कधी चार जण असतात, कधी मी एकटी. एकटी असले तरी वेळ पूर्ण करते. किती जण यायचे, कोणाचं काय बरं करायचं, हे माझ्या हातात कधी नव्हतंच, मी उगाच धरून बसले होते. सोडल्यावर कळलं की हात दुखत होते.

मावशी रोवणी संपल्यावर आल्या. मागच्या बाकावर बसतात, संडे स्कूल अजून घेत नाहीत. प्रार्थना होते का, मी विचारत नाही. हे सगळं लिहायच्या आधी मी त्यांना विचारलं आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन ओळी काढायला लावल्या. चांगल्या ओळी होत्या, माझ्या मते सगळ्यात चांगल्या. काढल्या. त्या आता आम्हा दोघींना माहीत आहेत आणि प्रभूला, आणि तेवढ्यावर माझं मन शांत राहतं, यासाठी मी त्याचे आभार मानते.