कलशेट्टी मास्तरांचा मॅट्रिकचा वर्ग

कलशेट्टी मास्तर गेल्याचं मला कळलं ते रस्त्यात. दुपारी कचेरीतून जेवायला घरी निघालो होतो, तर शाळेची पोरं दप्तरं उडवत भर उन्हात पळत सुटलेली. एकाला अडवून विचारलं, "काय रे, आज सुट्टी कसली?" तो म्हणाला, "मास्तर वारले की!" "कुठले मास्तर?" "पैलीचे. ते ए बी सी डीवाले." एवढं सांगून तो पळाला. त्याचा मला राग आला नाही, सुट्टी मिळाली की पोरं पळणारच. राग आला तो 'ए बी सी डीवाले' या शब्दांचा. ज्या माणसाने आमच्या अख्ख्या वर्गाला इंग्रजी पान वाचून त्याचा अर्थ लावायला शिकवलं, तो माणूस शाळेतून जाताना पोरांच्या लेखी फक्त मुळाक्षरं गिरवून घेणारा उरला होता. आणि ही ओळख त्याने स्वतः कमावलेली नव्हती, ती त्याच्यावर लादली होती. आता पाच आठवडे झाले. दुखवट्याची सभा झाली, भाषणं झाली, ठराव झाले. राग काही उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मास्तर मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे. घरी कानडी. मराठी शाळेत पहिल्या दिवशी गुरुजी काय म्हणाले ते त्यांना कळलं नाही, म्हणून छडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी कळल्यासारखी मान हलवली, तर छडी चुकली! ही गोष्ट ते हसत सांगायचे, पण शेवटी गंभीर होऊन म्हणायचे, "त्या दिवशी मी खोटं बोलायला शिकलो. तुमी माझ्या वर्गात तसली मान हलवू नका." आमचा वर्ग म्हणजे सगळी मिसळ होती. माझ्यासारखी माढ्याकडची शेतकऱ्यांची पोरं, घरी तेलुगू बोलणारी विणकरांची, दोन-चार उर्दूवाली, काही कानडी. इंग्रजी कुणाच्याच घरात नव्हतं. यावर बाकीच्या मास्तरांचा उपाय ठरलेला असे: गाइड आणा, प्रश्न पाठ करा, उत्तर पाठ करा, परीक्षेत ओका. शेजारच्या तुकडीतली पोरं धडा न वाचता धड्याचं सार घडाघडा म्हणत, आणि हेडमास्तर खूश होत.

कलशेट्टी मास्तरांचा सगळा कारभार उलटा. आधी पुस्तकं मिटायची. मग ते एखादा उतारा तीनदा वाचत. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा वाचताना ते मुद्दाम कुठेतरी घोटाळा करत. मधली चार वाक्यं गाळत, नाहीतर नदीकाठच्या माणसाला एकदम बाजारात आणून उभं करत. अर्थाचा धागा जिथे तुटेल तिथे आम्ही बाकावर बोटांनी टकटक करायची. चूक धरणारा कोण, कितव्या नंबराचा, याला महत्त्व नव्हतं. कळलं नाही तर वाजवा, एवढाच नियम. आणि तिसऱ्या वाचनानंतर काय ऐकलं ते आपापल्या घरच्या भाषेत सांगायचं. माझ्या बाकावरचा नरसय्या तेलुगूत सांगायचा. मास्तरांना तेलुगू अर्धंमुर्धंच येई, पण ते त्याच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत ऐकत आणि म्हणत, "कळलंय ह्याला. आता हेच इंग्रजीत बांधू." मग तासभर आम्ही ते बांधत बसू. वर्षभरात अशी सवय लागली की टकटक करायला हात आपसूक जायचा. सुट्टीत गावी गेल्यावर आई चुलत्यांची तक्रार सांगताना मधलंच काही गाळायची, तरी माझी बोटं पाटावर वाजायची.

ही सवयच आमच्या मुळावर आली. ज्या वर्षी सोलापुरात लष्करी कायदा लागून पांढरी गांधी टोपी घालून फिरणंही गुन्हा झाला होता, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळा तपासायला इंग्रज इन्स्पेक्टर साहेब आले. हेडमास्तरांनी आठ दिवस आधीपासून भिंती पुसून घेतल्या होत्या. आमच्या वर्गात साहेबांनी स्वतःचं पुस्तक काढलं आणि उभ्याने उतारा वाचायला घेतला. गोष्ट एका मेंढपाळाची. बर्फ पडतंय, एक मेंढरू हरवलंय, म्हातारा मेंढपाळ कंदील घेऊन दरीत उतरतोय. साहेबांचे उच्चार आमच्या मास्तरांहून निराळे होते, पण सगळा वर्ग कान देऊन बसला होता आणि खरं सांगतो, शब्दन् शब्द कळत होता. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं ते मी नंतर कधीच पाहिलं नाही... साहेबांनी पान उलटलं, आणि दरीत उतरणारा मेंढपाळ पुढच्याच वाक्यात न्यायाधीशासमोर हात जोडून उभा राहिला! माझी बोटं बाकावर वाजली. पहिली माझीच. पाठोपाठ नरसय्याची, आणि मग चाळीस पोरांची टकटक एकदम सुरू झाली.

साहेब दचकले. रस्त्यावरच्या घोषणा त्यांच्या कानांत ताज्या असणार. त्यांना वाटलं, पोरांनी ठरवून अपमान केला. मास्तर पुढे होऊन इंग्रजीत शांतपणे म्हणाले, "साहेब, दोन पानं एकदम उलटली असावीत. मुलांना अर्थ तुटलेला कळला, एवढंच." साहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं. मी पहिल्या बाकावर होतो. त्यांनी अंगठ्याने चिकटलेली पानं सोडवली, मधलं पान पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. चूक त्यांची होती आणि ती त्यांना कळलीही होती. तरीही त्यांनी पुस्तक मिटलं, टोपी उचलली आणि ते वर्गाबाहेर गेले. शेरा आला तो असा, की मॅट्रिकच्या वर्गात शिस्त नाही आणि शिक्षकाची त्याला फूस आहे. अरे, पोरांना ऐकलेलं कळतं की नाही हे तपासायला आला होतात ना? कळत होतं! त्याहून स्पष्ट पुरावा कसा द्यायचा असतो?

गोऱ्या साहेबांचं एक वेळ सोडून देऊ. त्यांना चारचौघांत नाक खाली करायचं नव्हतं. पण आमचे हेडमास्तर? त्यांना मास्तरांची पद्धत माहीत होती. दाराबाहेर उभं राहून त्यांनी ती टकटक अनेकदा ऐकली होती, पाहुण्यांना कौतुकाने दाखवलीही होती. त्या दिवशी मात्र ते मूग गिळून बसले. सरकारी ग्रँट जाईल या भीतीने त्यांनी एक माफीपत्र तयार केलं आणि मास्तरांपुढे ठेवलं: मुलांच्या सह्या घेऊन द्या. मास्तरांनी ते वाचलं आणि परत केलं. "मुलांना समजलं, याची माफी मी मागायला लावणार नाही," असं ते म्हणाले, हे शिपायाने नंतर आम्हाला सांगितलं. मग हेडमास्तरांनी आम्हाला एकेक करून आपल्या खोलीत बोलावलं. कागद इंग्रजीत होता. 'आम्ही खोडसाळपणाने आवाज केला, आणि तो आमच्या शिक्षकांच्या सांगण्यावरून केला.' सही नसेल तर मॅट्रिकचा फॉर्म जाणार नाही.

हे वाक्य मला एका वाचनात कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोयच मास्तरांनी ठेवली नव्हती. वडिलांनी बैल विकून मला सोलापुरात ठेवलेलं, गावाकडे सगळे निकालाची वाट बघत होते... मी सही केली. माझ्यासकट एकोणचाळीस जणांनी केली. नरसय्या एकटा म्हणाला, "तसं झालंच नाही सर. मग सही कशाची करू?" त्याचा फॉर्म गेला नाही. तो आज बापाच्या मागावर बसतो, आणि रस्त्यात भेटला की माझ्याशी नीट बोलतो. त्याच्या त्या नीट बोलण्याने मला जास्त लाज वाटते.

आमच्या सह्यांच्या जोरावर मास्तरांचा मॅट्रिकचा वर्ग काढून घेतला आणि त्यांना इंग्रजी पहिलीवर बसवलं. अक्षरं गिरवून घ्यायची, हजेरी घ्यायची. टकटक बंद करण्याचा लेखी हुकूम निघाला. दर जूनला ते अर्ज करत की मला वरचा एक तरी वर्ग द्या, आणि दर जूनला तो अर्ज 'तूर्त विचार नाही' म्हणून परत येई. मॅट्रिकचे वर्ग गाइडवाल्यांकडे गेले, ते आजपर्यंत. आमची परीक्षा झाल्यावर मी भीतभीत त्यांच्या घरी गेलो होतो. वाटलं, दार लावून घेतील. पण त्यांनी माझ्या हातातला पेपर घेतला, त्यातला पुस्तकाबाहेरचा उतारा उंबऱ्यातच उभ्याने वाचला आणि म्हणाले, "सोपा होता की रे तुमाला." सहीबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा नाही, नंतरही कधी नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता दुखवट्याच्या सभेत तेच हेडमास्तर व्यासपीठावर उभे राहून सांगतात की कलशेट्टी हे लहान मुलांत रमणारे, साधेभोळे शिक्षक होते! लहान मुलांत रमणारे? तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी उठलो नाही. हार घालायच्या रांगेत इतरांसारखाच उभा राहिलो.

परवा अक्कांचा, म्हणजे मास्तरांच्या पत्नींचा निरोप आला. शाळेने ठरावाची प्रत घरी पाठवली होती, ती इंग्रजीत. मास्तर असते तर त्यांनीच अर्थ सांगितला असता. मी गेलो. खोलीत पलंगाजवळ त्यांची काठी होती, खुंटीवर कोट होता, आणि कोटाच्या बाहीला अजून खडूची पांढरी धूळ होती. अक्कांनी ती झटकली नव्हती.

मी कागद तीनदा वाचला. मग मराठीत सांगितला. अनेक वर्षं निष्ठेने नोकरी केली, सोपवलेलं काम आज्ञाधारकपणे केलं, शाळेला खेद होतो.

"ह्यांचा वर्ग काढून घेतला, ते लिवलंय का?" अक्कांनी विचारलं.

"नाही."

"अर्ज केले दर साली, ते?"

"तेही नाही."

अक्कांनी कागदाची घडी घातली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "दत्तू, एक इचारू? तवा हेडमास्तरानं तुमाला सहीला कागद दिला व्हता की. हे म्हनायचे, पोरास्नी वाचायला तरी कुटं वेळ दिला आसल, गडबडीत सह्या घेतल्या आसतील. शेवटपातूर तसंच म्हनायचे... खरं का रं ते?"

मान हलवून मोकळं होता आलं असतं.

"नाही अक्का," मी म्हणालो. "वेळ दिला होता. मी वाचलं होतं, आणि मला सगळं कळलं होतं."