उंबऱ्यावर फुटलेल्या बांगड्या

ती विधवा आहे, असं मी आश्रमाच्या संचालिकाबाईंना सांगितलं, ते खोटं होतं. फाळणीत तिचा नवरा पूर्व बंगालातच राहिला. तो जिवंत आहे की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. ती दोन मुलींना घेऊन कलकत्त्याच्या सियालदा स्टेशनच्या फलाटावर पडून होती, आणि आमच्या आश्रमात जागा फक्त विधवांना मिळे. खिदिरपूर बंदरावरच्या कस्टममधली नोकरी सांभाळून रविवारी मी तिथे मदतीला जात असे. माझ्या एका शब्दाने तिघींना छप्पर मिळेल, एवढंच मला दिसलं.

बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. "विधवा? मग या शंखाच्या बांगड्या?"

तिने मुलींकडे पाहिलं आणि सौभाग्याचं ते लेणं उंबऱ्यावर आपटून फोडलं.

"बाबा गेले का गं, मा?" धाकटीने विचारलं. तिने खाली वाकून तुकडे पदरात गोळा केले.

त्याची खबर कधीच आली नाही. पुढे मोठीच्या लग्नात, हळदीच्या वेळी, ती बाहेर जिन्यात एकटी बसलेली दिसली. विधवेने आत जायचं नव्हतं. मी तिच्यापाशी जाऊन म्हणालो, "दीदी, तुम्हाला विधवा मी केलं. मला क्षमा करा."