दुसऱ्यांचा डिप्लोमा

प्रबोध परचुरे 'डिप्लोमा' हा शब्द वापरत, पण फक्त दुसऱ्यांसाठी. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांच्या बाकावर ते बसत नसत. पुढे सिंगापूरला, पाया लेबारच्या ऑफिसात मॅनेजर झाल्यावर एखाद्याचं काम पसंत पडलं नाही, की एवढंच म्हणत, "डिप्लोमावाला दिसतोय."

२०१४ साली त्यांच्या मुलीला, जाईला, बिशानच्या शाळेमार्फत पॉलिटेक्निकचा एक विषय शिकायची संधी मिळाली. विषय अन्नप्रक्रियेचा. शाळा सांभाळून जायचं, पास झालं की पुढच्या शिक्षणातलं क्रेडिट आत्ताच जमा. परचुऱ्यांच्या कानात 'क्रेडिट' तेवढं शिरलं.

"आमची जाई पंधराव्या वर्षीच कॉलेजात जाते," ते भेटेल त्याला सांगू लागले. कुठल्या कॉलेजात, असं कुणी विचारलं की हवेच्या उकाड्यावर बोलत. अन्नप्रक्रियेचं त्यांनी परस्पर बायोकेमिस्ट्री करून टाकलं. जाई तिथे सोयाबीनचं दूध का फाटतं ते शिकत होती. घरातलं एकही पातेलं स्वयंपाकाला मोकळं राहीना. दहावीच्या परीक्षेनंतर तिला तिथेच पुढे शिकायचं होतं; वडिलांनी मात्र ज्युनियर कॉलेज धरून ठेवलं होतं.

"मला चालेल गं," आई मीनल म्हणाली. "पण बाबांसमोर पॉलिटेक्निक म्हणालीस तर ते जेवायचे नाहीत."

"देन डोन्ट ईट, लाह," जाई सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

एका रविवारी परचुऱ्यांचे मित्र रवींद्र साठे आणि त्यांची बायको सुनेत्रा जेवायला आले. परचुऱ्यांनी वरणभातापासूनच सुरुवात केली.

"हिचं क्रेडिट आत्ताच खिशात आहे. बाकीची पोरं बसलीत मागे."

"अरे वा! मग ज्युनियर कॉलेजात काय सूट मिळणार?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"सांग गं काकूंना."

"जेसीत? नथिंग, काकू. पॉलीला गेलं तरच क्रेडिट. नाहीतर वेस्टेड, लाह."

रवींद्र साठ्यांचा घास हातातच राहिला. "पॉली म्हणजे पॉलिटेक्निक? म्हणजे डिप्लोमा की रे, प्रबोध!" त्यांना झालेला आनंद त्यांनी लपवला नाही.

परचुरे श्रीखंड वाढा म्हणाले.

आता मुलगी ज्युनियर कॉलेजात गेली, तर साठे कुटुंब प्रत्येक भेटीत क्रेडिटची चौकशी करणार हे उघड होतं. मुलीला काय हवंय, हा प्रश्न परचुऱ्यांना तेव्हाही पडला नाही. आठवड्याभराने त्यांनी स्वतःलाच सुचल्यासारखं जाहीर केलं, "मिळालेलं क्रेडिट कोण सोडतं? मूर्ख." दहावीनंतर पॉलिटेक्निकला प्रवेश झाला. जाईने आनंदाने घरभर उड्या मारल्या. वडिलांना तो आपल्या दूरदृष्टीचा गौरव वाटला.

पुढच्या गणेशोत्सवात पासिर रिसच्या एका ओळखीच्या जोडप्याने आपला मुलगा पॉलिटेक्निकला गेल्याचं सांगितलं. ते पुढे सरकल्यावर परचुरे बायकोच्या कानाशी वाकले.

"डिप्लोमा. बिचारे आईबाप."

जाई प्रसादाचं ताट घेऊन शेजारीच उभी होती.