हीच शांती का?

१२ डिसेंबर, शनिवार. उद्याच्या उपासनेतल्या प्रभुभोजनाचे काचेचे प्याले मी चर्चमागच्या नळावर धूत होते. पाळकबाई शेजारी बसून पुसत होत्या. सासूबाईंना सोमवारी वृद्धाश्रमात ठेवायचं, हे पाळकबाईंना सांगून झालं होतं.

"प्रार्थना केलीस ना? काय वाटलं?"

"शांत वाटलं."

"मग झालं तर. शांती वाटली की प्रभूची इच्छा समजावी."

तेवढ्यात त्यांच्या पांढऱ्या फडक्यावर लाल ठिपके दिसले. एका प्याल्याची कड फुटलेली होती आणि माझं बोट चांगलंच कापलं होतं. पाणी इतकं गार, की मला कळलंच नव्हतं.

पाळकबाई पट्टी शोधायला उठल्या. मी बोटाकडे बघत राहिले. नवरा गेला, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही. त्या न वाटण्यालाच मी शांती म्हटलं असणार. देवाच्या मनात काय आहे ते मला अजून ठाऊक नाही. पण हे उत्तर त्याचं, असं आता म्हणवेना.

१३ डिसेंबर, रविवार. सकाळी उपासनेला निघण्याआधी वृद्धाश्रमाला फोन करून सोमवारचं थांबवलं. मग सासूबाईंच्या खाटेवर बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना विचारलं, "आई, तुम्हाला कुठे राहायचंय?"