पुतळाकाकू आणि जाहकाचे जंत

आमच्या शेजारच्या पुतळाकाकूला कामाचं ठिकाण विचारलं की ती ऐटीत सांगते, जंतांच्या हापिसात. रबाळ्याला एका खासगी प्रयोगशाळेत जनावरांच्या पोटातले जंत तपासतात. तिथे ती बाटल्या धुते. आणि तिथलं सगळं नेमकं जेवताना सांगते. म्हणून आमच्या बोनकोडे गावातल्या लग्नांत तिच्या शेजारचं पान शेवटपर्यंत रिकामं असतं.

गेल्या हिवाळ्यात तिथे गुजरातेतून जाहकांच्या जठरातले जंत आले, बाटल्यांत स्पिरिटमध्ये बुडवलेले. जाहक म्हणजे मुठीएवढा काटेरी जीव, हात लावला की अंगाचा चेंडू करतो. जंत ओळखायचं काम समरा या नव्या डॉक्टरीणबाईंकडे होतं. त्यांचं हे पहिलंच स्वतंत्र काम. काही जंत लांब, टोकदार शेपटीचे. काही आखूड, रुंद शेपटीचे. बाईंनी दोन जाती लिहिल्या. अहवाल दुपारी जायचा होता.

मायक्रोस्कोपला हात लावायचा नाही, अशी काकूला सक्त ताकीद होती. पण बाई जेवायला गेल्या आणि काकूने डोळा लावलाच. जित्याची खोड! परकरात होती तेव्हापासून तिने खाडीतले खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या, विकल्या आहेत. चिंबोरी हातात आली की आधी उलटी करायची. पोटावरची पट्टी निमुळती तर नर, रुंद तर मादी. तिने सुईने जंतही एकेक करून उलटे केले. आखूड जंतांच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी पंखासारखी कड होती. लांब जंतांच्या पोटात अंडीच अंडी.

मान वर केली तर समराबाई दारात. नोकरी गेली, असंच काकूला वाटलं. पण गप्प बसावं तर पोर पहिल्याच कामात तोंडघशी पडणार.

"बाय, या दोन जाती नाय," ती म्हणाली. "आखूड त्यो नर हाय, लांब ती मादी. उलटं करून बग."

समराबाई चिडल्या नाहीत, याचं मला अजून कौतुक वाटतं. त्यांनी दोन्हींचे ओठ पाहिले, दात पाहिले. सगळं सारखं, म्हणजे जात एकच. मग अहवालावर आडवी रेघ मारून खुर्चीवरून उठल्या.

"काकी, इथे बसा. अजून अकरा बाटल्या आहेत. तुम्ही बघून सांगा, मी लिहिते."