ओला पंचा

बनशंकरीतल्या आमच्या भजनी मंडळात सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. सभागृहाचा मंच गुळगुळीत ग्रॅनाइटचा आहे, त्यामुळे भाता मारला की पेटी पुढे सरकत जाते. अण्णा पंचा भिजवून घट्ट पिळायचे, त्याची घडी पेटीखाली सारायचे आणि मगच वाजवायला बसायचे. कुणी घाई केली तर आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणायचे, "स्वल्प थांबा. आधी पेटी बसू दे, मग देव."

गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांचा डावा हात गेला, भाता मारायचा. पेटी पुण्याहून आलेल्या एका आयटीवाल्याकडे गेली, पण तिच्याखालचा पंचा अण्णांकडेच राहिला. त्याचं एक टोक नळाला अडकवून ते एका हातानं पिळत बसायचे. मी एकदा मदतीला गेलो, तेव्हा त्यांनी असं पाहिलं की मी हात मागे घेतला.

परवा आयटीवाल्यानं पेटीऐवजी स्टँडवरचा कीबोर्ड आणला. अण्णा नेहमीसारखे ओली घडी घेऊन आले आणि स्टँडखाली बघत उभे राहिले.

"नको अण्णा, याच्या पायांना रबर आहे," तो नम्रपणे म्हणाला.

"सरी," कानडीत एवढंच 'बरं' म्हणून अण्णा माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

भजन सुरू झालं. पंच्याचं पाणी त्यांच्या धोतरात उतरत होतं. तरी उजव्या हातानं त्यांनी ती घडी मांडीवर घट्ट दाबून धरली होती, जणू तीच सरकणार होती.